ॲपच्या आधीचं काम

माहिती-प्रणालींच्या अभ्यासात डिझाइन सायन्स ही शाखा आता चांगली स्थिरावली आहे. मानवनिर्मित वस्तूंचंही शास्त्र असू शकतं, हे हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं. २००४ मध्ये हेवनर, मार्च, पार्क आणि राम यांनी 'एमआयएस क्वार्टरली'तल्या लेखात या संशोधनाचे सात दंडक घालून दिले. नवं काही बांधा, ते कामाचं आहे हे तपासून दाखवा आणि त्यातून इतरांच्या उपयोगी पडेल असं ज्ञान काढा, हा त्यांचा गाभा. पेफर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सहा टप्पे आखले. त्यांतला पहिला टप्पा प्रश्न ओळखण्याचा, आणि या शाखेचा दुबळेपणा नेमका तिथेच आहे. तयार रचनेची परीक्षा कशी घ्यावी यावर भरपूर लिहिलं गेलं. काय बांधायचं हे ठरतं कसं, यावर त्या मानानं फार थोडं. बहुतेक शोधनिबंधांत प्रश्न दोन परिच्छेदांत उरकला जातो, जणू तो आधीपासून तयारच पडला होता.

या घाईची किंमत काय असते, ते भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात दिसतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात जाऊन मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, तो स्थानासह पाठवायचा आणि ती नोंद गाव नमुना बारावर यायची. त्याआधी हे काम तलाठ्याचं होतं. एकेका तलाठ्याकडे अनेक गावं, त्यामुळे पाहणी पुष्कळदा बसल्या जागीच व्हायची, ही तक्रार जुनी. म्हणजे हाती घेतलेला प्रश्न असा होता की तलाठी शेतापर्यंत पोचत नाही. त्या प्रश्नाला हे ॲप चोख उत्तर आहे, आणि मी त्याला मोठं काम मानतो. चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय मात्र २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. घाईत, उन्हात, दुसऱ्याच्या मोबाइलवर नोंद करणारा माणूस चुकणारच, हे कळायला एक पूर्ण हंगाम जावा लागला.

याहून खोल अडचण पाहायची तर ऑक्टोबरात लाखांदूर-पवनीकडच्या एखाद्या बांधीत उभं राहावं. शेत ठेक्यानं दिलेलं असतं. पऱ्हे टाकले, रोवणी केली, खत-मजुरीचा पैसा घातला तो कसणाऱ्यानं. सातबारा मात्र शहरात राहणाऱ्या मालकाच्या नावावर. फोटो कसणारा काढतो, नोंद मालकाच्या खात्यावर चढते. आधारभूत खरेदी केंद्रावर धान द्यायचं तर ऑनलाइन नोंदणीला तोच सातबारा लागतो आणि चुकारा खातेदाराच्या बँकेत जमा होतो. पुढचा हिशेब दोघांच्या विश्वासावर. त्याच बांधीत धान कापायच्या आधी ओलीवर लाखोळी फेकलेली असते. फोटोत वर लोंब्या दिसतात, खाली लाखोळीचे कोंब. हे एक पीक की दोन, खरीप की रब्बी, याचा निकाल मोबाइलवरच्या रकान्यात लावायचा.

'कोण कसतं आणि काय पेरतं याची नोंदच होत नाही', असा प्रश्न मांडला असता तर निराळी रचना निघाली असती. कदाचित ती कायद्याच्या वाटेवर अडलीही असती, कारण कूळ लागेल या धाकानं मालक कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊ देत नाहीत. पण ही अडचण पहिल्या महिन्यात चार बांध्या फिरून कळणं वेगळं, आणि ॲप राज्यभर गेल्यावर कळणं वेगळं.

पहिला टप्पा नीट झाल्याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, सगळं गावातल्या संगणकावर येणार होतं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा तिथे गेले. त्यांनी आधी एवढंच पाहिलं की या संगणकांवर रोज चालतं काय. चालत होतं ते उसाचं वजन, खताची उचल असलं काम, म्हणजे साखर कारखाना आणि शेतकरी यांच्यातली थोडक्या आकड्यांची देवाणघेवाण. तेवढ्याला संगणक कशाला हवा? त्यांनी सात गावांत साध्या मोबाइलवरचे एसएमएस वापरून तेच काम करून दाखवलं. या कामाची चर्चा होते ती स्वस्त तंत्रज्ञानासाठी. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते सुरुवातीचं निरीक्षण, कारण पुढची सगळी रचना त्यातूनच आली.

अभ्यासकांना ही उणीव अगदीच जाणवली नाही असं नाही. साइन, हेन्फ्रिडसन, पुराव, रॉसी आणि लिंडग्रेन यांनी २०११ मध्ये बांधणी, वापर आणि परीक्षा एकत्रच चालाव्यात असं मांडलं. झोनेनबर्ग आणि फोम ब्रोके यांनी २०१२ मध्ये बांधण्याआधीच प्रश्न आणि आराखडा तपासून घ्यावा असा आग्रह धरला. दोन्ही पावलं योग्य दिशेची. पण या मांडणीत डोळ्यांसमोर बहुधा एखादी कंपनी असते, जिथे शेवटी कुणीतरी एक 'हे हवं' म्हणू शकतो. गावात असा एकच कुणी नसतो.

भंडाऱ्याचे मामा तलाव घ्या. कोहळींनी बांधलेले हे माजी मालगुजारी तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले. पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि मोबाइलवर दिसणारा आकडा, हा विद्यार्थी-प्रकल्पासाठी सहज सुचणारा विषय. धान निसवायला लागलं आणि पावसानं ओढ दिली की शेतकऱ्याला पाणी सुटायला हवं असतं. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेला माशांसाठी ते तलावात राहायला हवं असतं. पातळी दोघांनाही पाळीवरून डोळ्यांनी दिसते. तंटा आहे तो पाणी कधी आणि किती सोडायचं याचा. पूर्वी पाणकर पाणी वाटायचा, त्याचा शब्द चालायचा. त्या जागेवर आज कोण आहे, याचा शोध न घेता बसवलेला सेन्सर दोघांच्याही कामाचा नाही. कदाचित शोधाअंती निघेल की इथे ॲप नकोच, वाटपाची एक वही आणि दोन्ही बाजूंची बैठक हवी. असा निष्कर्ष छापायला आजच्या नियतकालिकांत जागा मिळणं कठीण. बांधलेलं काही दाखवा, हीच पहिली मागणी असते, आणि त्यामुळे 'बांधू नका' हे कष्टानं मिळवलेलं ज्ञान वाया जातं.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हाच दोष अधिक ठळक आहे. प्रकल्पाचं शीर्षक जुलैत द्यावं लागतं आणि त्या शीर्षकात उत्तर आधीच असतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानानं महाविद्यालयांना जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडण्याची वाट करून दिली, पण गुणपत्रिका अजून चालत्या ॲपलाच गुण देते. अंतिम वर्षाचं पहिलं सत्र आणि धानाचा हंगाम जवळपास एकाच वेळी चालतात. रोवणीपासून चुरण्यापर्यंतचा तो काळ विद्यार्थ्यांनी खरेदी केंद्रावर, तलाठी कार्यालयात आणि तलावाच्या पाळीवर काढावा. कुणाची अडचण काय, कुणाची कुणाशी भिडते, कोणते आराखडे सुचले आणि का टाकून दिले, हे लिहून आणावं. परीक्षकांनी त्या टिपणाला, सोबत एक ओळही कोड नसताना, निम्मे गुण द्यावेत.