एक पाय, दोन पाय: वेगवान मेटलमधील बेस ड्रम

मेटल संगीतातील ड्रमवादनाविषयी लिहिताना वेगाचे आकडे मांडण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही, कारण ठोके मोजता येतात आणि वादनाचा पोत मोजता येत नाही. बेस ड्रम, म्हणजे वादकाच्या पायाशी आडवा ठेवलेला आणि पेडल दाबताच बीटर नावाच्या छोट्या हातोडीने वाजणारा मोठा ड्रम, एका पायाने वाजवावा की दोन्ही पायांनी, हा जुना वादही आकड्यांच्याच आखाड्यात लढवला जातो. मात्र सेकंदाला किती ठोके पडले यापेक्षा ते ठोके पायांनी आपसांत कसे वाटून घेतले, त्यासाठी डाव्या पायाला आपले कोणते काम सोडावे लागले आणि ध्वनिमुद्रणात त्या ठोक्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न या कलेची आजची अवस्था समजून घेण्यासाठी अधिक उपयोगी आहेत.

दोन बेस ड्रमची कल्पना मेटलची नाही. अमेरिकेतील जॅझवादक लुई बेल्सन याने ती किशोरवयातच कागदावर उतरवली होती आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात ती रसिकांसमोर आली. पुढे क्रीमचा जिंजर बेकर आणि द हूचा कीथ मून यांनी ती रॉकमध्ये आणली, तरी त्यांच्याकडे दुसरा ड्रम मुख्यतः गडगडाट वाढवण्यासाठी होता. मोटरहेडच्या १९७९ मधील ‘ओव्हरकिल’ या गाण्यात फिल टेलरने दोन्ही पाय आरंभापासून अखंड चालवले आणि तोवर सजावटीची असलेली ही क्लृप्ती गाण्याचा पायाच बनली. स्लेयरच्या १९८६ मधील ‘रेन इन ब्लड’ या संग्रहातील ‘एंजल ऑफ डेथ’मध्ये बाकीची वाद्ये थांबतात आणि काही क्षण केवळ डेव्ह लोम्बार्डोचे दोन पाय ऐकू येतात. हा तुकडा इतका लहान आहे की अनभ्यस्त श्रोत्याच्या तो लक्षातही येणार नाही, परंतु पुढच्या पिढीतील वादकांनी आपली तयारी जोखण्यासाठी तोच निवडला.

एका पायाची परंपराही तितकीच भक्कम आहे. लेड झेपलिनच्या १९६९ मधील पहिल्या संग्रहातील ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये जॉन बॉनहॅमने एकाच पेडलवर जे जलद जोडठोके वाजवले, ते अनेक श्रोत्यांना दोन पेडलांचे वाटले होते. आयर्न मेडनचा निको मॅकब्रेन याने १९८३ मधील ‘व्हेअर ईगल्स डेअर’पासून पुढे जवळजवळ सर्व वादन एका पायावर पेलले आणि दुहेरी पेडल वापरले ते ‘डान्स ऑफ डेथ’ या २००३च्या संग्रहातील ‘फेस इन द सँड’ या एकाच गाण्यापुरते. अशा वादनात घोट्याची आणि मांडीची हालचाल वेगळी काढता यावी लागते. टाच उचलून मारलेला पहिला ठोका मांडीच्या वजनाने पडतो, तर दुसरा तळपाय पेडलपट्टीवर पुढे सरकवून किंवा टाच आणि चवडा आलटून-पालटून टेकवून काढला जातो. मांडीचा ठोका भारदस्त आणि घोट्याचा हलका असल्यामुळे जोडीतला एक ठोका नैसर्गिकपणे दबतो. ही विषमता दोष म्हणून मोजली गेली असली, तरी बॉनहॅमच्या वादनाला जो झोका आहे, त्याचा मोठा भाग तिच्यातूनच येतो.

अतिवेगवान मेटलमध्ये मात्र वादाचे केंद्र ब्लास्ट बीट हे आहे. स्नेअर नावाचा हाताशी असलेला छोटा ड्रम, बेस ड्रम आणि झांज यांचे ठोके इतक्या दाट क्रमाने पाडायचे की श्रोत्याला ताल वेगळा न जाणवता ध्वनीची सलग भिंत जाणवावी, हे त्याचे तत्त्व. नेपाम डेथच्या १९८७ मधील ‘स्कम’मध्ये मिक हॅरिसने ज्या रूपाला प्रसिद्धी दिली, त्या रूढ प्रकारात बेस ड्रम आणि झांज एकत्र पडतात आणि स्नेअरचा ठोका त्यांच्या मधल्या जागेत येतो. येथे थोडा हिशेब केल्याशिवाय वाद कळत नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, तर सेकंदाला १६ ठोके होतात. दोन्ही पायांनी अखंड वाजवायचे झाल्यास प्रत्येक पायाच्या वाट्याला त्यांतले ८ येतात. त्याच लयीतल्या रूढ ब्लास्ट बीटमध्ये बेस ड्रमला एकूण ८ ठोके लागतात, म्हणजे तो एका पायाने वाजवणाऱ्या वादकाचा पाय दुहेरी वादनातल्या कोणत्याही एका पायाइतकेच काम करतो, त्याहून अधिक नाही. तोच ब्लास्ट दोन पायांत वाटला, की प्रत्येक पायाला सेकंदाला ४ ठोके उरतात आणि हे काम सामान्य रॉकवादकालाही थोड्या सरावाने साधते.

दोन पायांनी ब्लास्ट वाजवणे ही पळवाट आहे, अशी टीका या हिशेबातूनच जन्मते आणि तिच्यात तथ्य आहे, पण टीकाकार समजतात त्या कारणाने नाही. श्रोत्याला वादकाच्या स्नायूंचे कष्ट ऐकू येत नाहीत, त्याला ध्वनी ऐकू येतो. एकच पाय, एकच बीटर आणि कातड्यावरची एकच जागा यांतून निघालेल्या ठोक्यांचा नाद एकजिनसी असतो, तर दोन पायांत वाटलेल्या ठोक्यांत उजवा-डावा असा सूक्ष्म हेलकावा शिरतो आणि डावा पाय बहुतेकांचा कच्चाच असतो. हा फरक संथ लयीत खपून जातो, परंतु ब्लास्टमध्ये, जिथे सारा परिणाम सलगतेवर उभा आहे, तो भिंतीला पडलेल्या भेगेसारखा उघडा पडतो. पीट सँडोव्हाल हा टेररायझरमध्ये एका पायाच्या ब्लास्टवर घडलेला वादक मॉर्बिड एंजलमध्ये आल्यावर दुसरे पेडल शिकला आणि त्या संघाच्या १९८९ मधील ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’मध्ये दोन्ही विद्या एकत्र ऐकू येतात. नाइलचा जॉर्ज कोलियास आणि हेट इटर्नलमध्ये वाजवलेला डेरेक रॉडी यांनीही दुहेरी वादनात नाव कमावूनही एका पायाचा ब्लास्ट सोडला नाही, ही गोष्ट बोलकी आहे. या वेगाला मांडी उपयोगाची नसते. पाय जवळपास स्थिर राहतो, काम फक्त घोटा करतो आणि बीटर कातड्यावरून परत येताना मिळणारी उसळी पुढच्या ठोक्यासाठी राखून ठेवावी लागते. पेडलची स्प्रिंग किती ताणावी यावर वादक तासन्‌तास वाद घालतात ते याच उसळीपायी.

साधनांनीही कलेला वळण दिले. ड्रम वर्कशॉप या कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या दुहेरी पेडलमुळे दुसऱ्या बेस ड्रमची गरज संपली: डाव्या पायाचे पेडल एका दांड्याने उजव्या बाजूच्या दुसऱ्या बीटरला जोडलेले असते आणि दोन्ही बीटर एकाच ड्रमवर पडतात. छोट्या मंचांवर आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सरावखोल्यांत वाजवणाऱ्यांना, मुंबईतल्या गटस्लिट किंवा डेमॉनिक रेझरेक्शन यांसारख्या संघांच्या वादकांनाही, ही सोय मोलाची ठरली, कारण दुसरा ड्रम वाहून न्यावा लागत नाही. मात्र या सोयीची किंमत आहे. जोडदांड्यातली किंचितशी ढिलाई आधीच कच्च्या असलेल्या डाव्या पायाला आणखी मागे ओढते आणि एकाच कातड्यावर लागोपाठ आदळणारे बीटर एकमेकांची आस तोडतात, तर दोन स्वतंत्र ड्रममध्ये प्रत्येक ठोक्याला गुंजण्याइतका अवकाश मिळतो. लोम्बार्डोच्या त्या प्रसिद्ध तुकड्यात जो रुंद, दोन बाजूंनी येणारा नाद आहे, तो एका ड्रमवर दुहेरी पेडलने हुबेहूब येत नाही.

साधनांपेक्षा खोल परिणाम ट्रिगरने केला. ट्रिगर म्हणजे ड्रमच्या कडेला बसवलेला संवेदक, जो प्रत्येक ठोक्याची चाहूल घेऊन आधी मुद्रित केलेला एक ठरावीक आवाज वाजवतो. दाट वादनात बेस ड्रमचा खर्ज गिटारांच्या गर्दीत हरवतो आणि टकटकीत, टोकदार आवाजाशिवाय ठोका ऐकूच येत नाही, म्हणून ही युक्ती गरजेतून आली आणि तेवढ्यापुरती ती समर्थनीय आहे. परंतु ट्रिगरची संवेदनशीलता सपाट ठेवली की हलका आणि भारी ठोका एकसारखाच ऐकू येतो, मग संगणकावर प्रत्येक ठोका मात्रेच्या रेघेवर सरकवला जातो आणि अखेरीस एका पायाचे वादन कोणते व दोन पायांचे कोणते, हे मुद्रणावरून सांगणे जाणकारालाही अवघड होते. लेड झेपलिनच्या १९७० मधील ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’मध्ये बॉनहॅमच्या स्पीड किंग पेडलची कुरकुर स्पष्ट ऐकू येते, आजच्या बहुतेक डेथ मेटल मुद्रणांत पेडलच काय, पायसुद्धा ऐकू येत नाही. मेशुगाने तर २००५ मधील ‘कॅच थर्टीथ्री’साठी ड्रम संगणकावरच रचले आणि तो संग्रह उत्तम आहे, ही बाब एकूणच वेगपूजेला अडचणीची आहे.

त्याच संघाच्या २००८ मधील ‘ब्लीड’ने मात्र पायांना पुन्हा अर्थ दिला. संघाचा ड्रमवादक थॉमस हाके तेथे दोन जलद आणि दोन संथ अशा ठोक्यांचा गट दोन्ही पायांनी फिरवत राहतो. गाण्याची मूळ लय मध्यमच आहे आणि निव्वळ वेगात त्याला मागे टाकणारे वादक पुष्कळ आहेत. अवघड आहे ते जलद जोडीनंतर पायाला थोपवणे, कारण एकसारख्या प्रवाहात सवयीने धावणारा पाय येथे दर गटात वेग बदलतो. तबल्याच्या रेल्यात बोल कितीही दाट असले तरी प्रत्येक अक्षर सुटे ऐकू यावे अशी जी अपेक्षा असते, ती दुहेरी बेस वादनाकडून क्वचितच केली गेली. हाकेने ती ओढवून घेतली, आणि दुहेरी वादनाचे मूल्य वेगापेक्षा अशा रचनेत अधिक आहे.

दोन्ही पाय बेस ड्रमला जुंपले की हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप करता येणारी झांजांची जोडी, पोरकी होते. ती मिटलेली ठेवण्यासाठी ड्रॉप क्लच नावाची कळ वापरली जाते किंवा उजव्या बाजूला कायम मिटलेली आणखी एक जोडी लावली जाते. झांज मिटते, पण तिचे बोलणे थांबते. एका पायावर वाजवणारा वादक डाव्या पायाने हाय-हॅटची उघडझाप करून ब्लास्टच्या भिंतीत मात्रेची खूण पेरू शकतो, एखाद्या ठोक्यावर झांज किंचित उघडी सोडून ओळीचा शेवट सुचवू शकतो. वेगवान मेटलमध्ये ही शक्यता फार थोड्यांनी वापरली आहे आणि एका पायाच्या ब्लास्टचे समर्थन करणारेही बहुधा दमाच्या आणि प्रामाणिकपणाच्या गोष्टी करतात, मोकळ्या राहिलेल्या डाव्या पायाविषयी फारसे बोलत नाहीत.