स्कॅनचे ढीग, संहितेचा दुष्काळ

जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आता उदंड झाले आहेत. एकोणिसाव्या शतकातली मासिके मोबाइलवर उघडतात, ज्यासाठी पूर्वी ग्रंथपालांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. मात्र एखादा शब्द मराठी गद्यात पहिल्यांदा कधी आला, हे त्या मासिकांना विचारून पाहा. उत्तर येत नाही, कारण ती पाने म्हणजे नुसती छायाचित्रे आहेत. संगणकाच्या आधाराने साहित्याचा अभ्यास करण्याची भाषा आपल्याकडे बरीच बोलली जाते, पण त्या अभ्यासाला लागणारी तपासलेली, शोधता येणारी संहिता मराठीत फार थोडी आहे. आजच्या स्थितीबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

खरे तर संहितानिश्चितीच्या शास्त्रात पुणे कोणाच्या मागे नव्हते. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते तडीस नेले. पोथ्यांचे कुळ कसे लावायचे, पाठभेद कसे तोलायचे, याची विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त जगभर मानली गेली. त्याच संहितेचे संगणकीय रूप मात्र आधी क्योतोच्या मुनेओ तोकुनागांनी टंकित केले आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ते सुधारले. कोशांचीही तीच कथा. मोल्सवर्थ आणि दाते यांचे शब्दकोश शोधायचे तर आपण शिकागो विद्यापीठाच्या दारात जातो. त्या मंडळींचे ऋण आहेच, पण आपल्या विद्यापीठांना हे काम आपले का वाटले नाही, हा प्रश्न उरतोच.

शोधता येणारी संहिता थोडी असण्याचे एक कारण अगदी अक्षरातच दडलेले आहे. ‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकता येतो. कोणी नुक्त्याचा ऱ वापरून त्याचा पाय मोडतो, तर कोणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही ‘वाऱ्यावर’ सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात आणि एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. शिवाय प्रकाशकांकडची कित्येक वर्षांची पुस्तके श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टांत बंद आहेत. ती युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या आणि रफार कुठल्या कुठे जातात, हे मुद्रितशोधकांना विचारा. अशा न तपासलेल्या मजकुरावर शब्दगणनेचे आलेख काढणारे निबंध अलीकडे दिसू लागले आहेत. त्यातले किती निष्कर्ष भाषेचे आणि किती टंकदोषांचे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. समीक्षक फ्रँको मोरेट्टी यांनी २००० साली मांडलेल्या ‘दुरून वाचना’ची, म्हणजे एकेक पुस्तक न वाचता साहित्याचे मोठे ढीग एकत्र पाहण्याच्या पद्धतीची, उद्धरणे देणे सोपे आहे. दुरून वाचायलाही आधी कोणीतरी जवळून वाचून मजकूर शुद्ध करावा लागतो.

मोडीचे तर विचारूच नका. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कोट्यवधी कागद वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, तरी ती वाचणारी नवी पिढी त्यामुळे आपोआप तयार होत नाही.

या चित्रात एक काम मला फार मोलाचे वाटते. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, आणि त्याही हजारावर गावांतून. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल पुढे त्यांना येऊन मिळाले, त्यांनी त्या ओव्यांचा विदासंच बांधला आणि ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाने त्या ओव्या आवाज आणि चित्रफितींसह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. इथे ओवी एकटी येत नाही. गाणारीचे नाव, गाव आणि विषय सोबत येतात. त्यामुळे माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल आणि भीमराव असे सगळे एका जागी शोधता येते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बाया बाबासाहेबांवर काय गातात, हे ‘लोकसाहित्य’ या मोघम नावाखाली विरून जात नाही. वर्गवारी संपादकांनी ठरवली, तेव्हा तिच्याशी भांडण जरूर मांडता येईल. पण भांडायला आधी अशी वर्गवारी समोर हवी ना! गावांत राहून काम करणारे, लोकसंस्कृतीचे अभ्यासक आणि संगणकाचा जाणकार वर्षानुवर्षे एकत्र बसले, म्हणून हे झाले.

आपल्या विद्यापीठांत नेमके हेच होत नाही. मराठी विभाग आणि संगणक विभाग एकाच आवारात असतात, पण गाठ पडते ती उद्घाटनाच्या चहाला. संगणकीय साहित्याभ्यासावरची चर्चासत्रेही बहुतेक इंग्रजीत होतात. मराठीत लिहिणारा समीक्षक तिथे पोचत नाही आणि तिथला संशोधक मराठी नियतकालिके वाचत नाही. बंगालीत मात्र हे जमले: जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये ‘बिचित्रा’ हा रवींद्रनाथांच्या साहित्याचा संग्रह खुला केला. त्यात कवितेचे हस्तलिखित आणि छापील पाठ शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. त्याच्यामागे सुकांत चौधुरींसारखा संहितासंपादनात मुरलेला इंग्रजीचा प्राध्यापक होता, हे विसरू नये. यंत्र नंतर आले.

मराठीत असे करायचे तर सामग्री हाताशी आहे. तुकारामांची गाथा घ्या. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांची इंदुप्रकाश छापखान्याची आवृत्ती, पुढची सरकारी गाथा, वारकरी परंपरेतल्या प्रती, सगळे उपलब्ध आहे. एकेका अभंगाचे पाठ शेजारी ठेवायला स्वामित्वहक्काची अडचण नाही. अडचण आहे ती मान्यतेची. शंभर अभंगांची पाठभेदांसह तपासलेली संहिता करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण ‘टायपिंग केले’ म्हणतो आणि त्याच अभंगांवर तीनशे पाने लिहिणाऱ्याला डॉक्टरेट देतो. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी हा नियम आधी बदलावा. संहितासंपादनाला पीएच.डी.चा दर्जा द्यावा आणि तयार झालेली संहिता सर्वांना खुली ठेवण्याची अट घालावी.