‘वसणे’ आणि ‘वसविणे’

मंगळावरील मनुष्यवस्तीविषयीच्या मराठी लेखनात ‘वसाहत’ हा शब्द सर्रास योजिला जातो. अवघ्या ग्रहाचे रूप पालटण्याच्या कल्पनेस ‘पृथ्वीकरण’ म्हटले जाते. दोन्ही शब्दांमागे ‘वसविणे’ हे प्रयोजक क्रियापद उभे आहे. ‘गाव वसले’ या वाक्यात मात्र कर्ता गावच असतो, आणि हा भेद निव्वळ व्याकरणाचा नव्हे. गाव वसते ते माती व पाणी पाहून.

लातूर तालुक्यातील मुरुडसारख्या गावाची जुनी परिभाषा पांढरी आणि काळी अशी जोडीने चालते : पांढरी घरांची, काळी पिकांची. काळीवाचून पांढरी टिकत नाही. मंगळाविषयीच्या उत्साही लेखनात पांढरीची वर्णने विपुल. घुमट काय, भुयारे काय! काळीचा उल्लेख ओझरता, आणि खरी अडचण तेथेच आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या शतांशाहूनही कमी. तेथील मातीत परक्लोरेट ही अपायकारक लवणे असल्याचे फिनिक्स यानाने २००८ मध्ये दाखविले. वातावरण दाट करण्यास पुरेल इतका कार्बन डायऑक्साइड तेथे आवाक्यात नाही, असा निष्कर्ष जाकोस्की व एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये मांडला.

वसलेल्या गावांनाही पाणी अंतरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे ५ लाख लिटर. पण तेथे लोहमार्ग होता, मिरजेस कृष्णा होती. मंगळावरील वस्तीची मिरज कोणती? ‘पृथ्वीकरण’ हा शब्द या प्रश्नाचे उत्तर जणू मिळालेच आहे असा आभास उत्पन्न करतो. तूर्त ‘तळ’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक होय.