टेकू फ्रेमच्या बाहेर का गेले?

मागच्या मे महिन्यात गिरगावात मावशीकडे गेलो होतो. तिची इमारत जुनी आहे. जिन्याचा लाकडी कठडा हात लागून लागून गुळगुळीत झालाय, दारांच्या वर अर्धगोल रंगीत काचा आहेत, भिंतीच्या निळ्या रंगाखालून हिरवा आणि हिरव्याखालून पिवळा डोकावतो. मी चाळीसेक फोटो काढले, त्यातले सहा निवडून टाकले. लाइक्स भरपूर आले. मावशीला दाखवले तर म्हणाली, "छान आलेत रे. पण टेकू कुठे गेले?"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला अकरा टेकू लावलेले आहेत. माझ्या सहा फोटोंत एकही नव्हता. मी काही ठरवून लपवलं नव्हतं. टेकू आले की फ्रेम 'बिघडत' होती, म्हणून मी दर वेळी दोन पावलं सरकत होतो.

आता विचार करा. चाळीसपैकी सहा वाचनं नियम न सांगता निवडली आणि 'ही माझी मापनं' म्हणून गाइडसमोर ठेवली, तर काय ऐकावं लागेल? फोटोच्या बाबतीत मात्र याच गोष्टीला आपण 'नजर' म्हणतो. जुन्या इमारतींच्या 'ओसरलेल्या वैभवा'च्या फोटोंबद्दल माझी पहिली तक्रार ही आहे. ते सुंदर असतात, खोटेही नसतात, पण निवडीचा नियम सांगत नाहीत.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन घ्या, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने इथे आणला आणि 1860 च्या दशकाच्या शेवटी उभा केला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्रपट भारतात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले. नंतर हॉटेल बंद पडलं आणि आत घरं, ऑफिसं थाटली गेली. 2005 मध्ये दर्शनी भागातल्या गॅलऱ्यांचा काही भाग कोसळला, 2019 मध्ये इमारत रिकामी केली गेली. पाडावी की दुरुस्त करावी, यावर तज्ज्ञांचेही एकमत नव्हतं.

या इमारतीच्या फोटोंखालच्या ओळी वाचून बघा. बहुतेक ठिकाणी कर्ता एकच असतो, 'काळ'. काळाने ग्रासलेली, काळाच्या ओघात झिजलेली वगैरे. पण काळ हे कारण नव्हे, तो आलेखाचा आडवा अक्ष आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राजाबाई टॉवर आहे. तो 1878 चा, म्हणजे वयात दहा-बारा वर्षांचाच फरक. हवा तीच, खारटपणा तोच. तो 2015 मध्ये नीट दुरुस्त होऊन उभा आहे. एक दगडाचा आणि दुसरी लोखंडाची, त्यामुळे ही तुलना पूर्ण स्वच्छ नाही, हे मान्य. तरी 'वय झालं म्हणून' हे स्पष्टीकरण पुरत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग कारणं कुठली? एक रसायनशास्त्रातलं. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, दुप्पट ते सहापट. गर्डरभोवतीचा गिलावा आतून ढकलला जातो, फुटतो, त्या भेगेतून पुन्हा पाणी आत शिरतं. फोटोत ज्याला आपण 'पोत' म्हणतो तो बऱ्याचदा हा दाब असतो.

दुसरं कारण कायद्यातलं. मुंबईत 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरूंना त्याने खरोखर आधार दिला, तो नसता तर माझी मावशी गिरगावात नसतीच. पण त्या भाड्यात दुरुस्ती निघेना, आणि मालकाचा इमारतीतला रस संपला. पुढे जुन्या इमारतींवर उपकर लावून दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली. हे सगळं गॅलरीच्या नक्षीदार कठड्यात दिसत नाही. टेकूत मात्र दिसतं. म्हणून मी जे कापलं, त्यातच माहिती जास्त होती.

मग अशा इमारतीचा फोटो काढायचाच नाही का? काढायचा. एक वेगळी पद्धत सांगतो. जोहान्सबर्गला पाँटे सिटी नावाची गोल, आतून पोकळ, 54 मजली इमारत आहे. 1975 मध्ये ती वर्णभेदाच्या राजवटीत गोऱ्यांसाठी बांधली. नंतर वस्ती बदलली, दुर्लक्ष झालं, मधल्या पोकळीत कचऱ्याचे ढीग साचले. मिखाएल सुबोत्स्की आणि पॅट्रिक वॉटरहाउस यांनी 2008 पासून काही वर्षं तिथे काम केलं. त्यांचा नियम साधा होता: मजल्यामागून मजला, घरामागून घर, प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, प्रत्येक टीव्ही. सोबत सोडून गेलेल्या घरांत सापडलेले कागदही जोडले. 2014 मध्ये पुस्तक आलं.

यातला एकेक फोटो सुटा काढला तर साधाच वाटेल. ताकद मांडणीत आहे. शेजारी शेजारी लावलेल्या खिडक्यांत पडदे, वाळत घातलेले कपडे, रिकामी चौकट असं सगळं येतं. 'सरासरी' घर कोणतं आणि अपवाद कोणता, हे बघणाऱ्याला ठरवता येतं, कारण छेद त्याच्यासमोर आहे. माझ्या सहा फोटोंना छेदच नव्हता.

पण यालाही प्रश्न विचारा. इतक्या खिडक्यांची जाळी लांबून पाहिली की तीही सुंदर नक्षी होते, आणि माणूस एक चौकोन होऊन जातो. शिवाय दाराचा फोटो बाहेरून काढता येतो, टीव्हीचा नाही. त्यासाठी कुणीतरी दार उघडावं लागतं. सर्वेक्षण करणाऱ्यांना ही अडचण ओळखीची आहे: न उघडलेली दारं हाही डेटाच असतो. तरी या कामाला मी मानतो, कारण नियम उघड असल्यामुळेच आपल्याला त्यातली फट शोधता येते.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर एक प्रयोग करून बघा. ओळखीची एक जुनी इमारत घ्या. फोटो काढण्याआधी नियम वहीत लिहा, उदाहरणार्थ, प्रत्येक जिन्याच्या वळणावर, छातीच्या उंचीवरून, एकच फोटो. मग तसेच काढा, कितीही कुरूप येवोत. शेवटी हवे तसे सहा काढा आणि दोन्ही संच शेजारी ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा बायस, तुमच्याच डोळ्यांनी मोजलेला. आणि हो, ते तिथे राहणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

मी जूनमध्ये पुन्हा गेलो, या वेळी नियम लिहून. चोवीस फोटो निघाले, नऊमध्ये टेकू आहेत. एकालाही फारसे लाइक्स मिळणार नाहीत. मावशीने मात्र त्यातले तीन मागून घेतले. इमारतीच्या पुढच्या मीटिंगमध्ये दाखवायचेत म्हणाली.