वेग स्थिर आहे, पण खरा आहे का?

गेल्या वेळी आपण ‘मूळ’ या शब्दावर बोललो. आज तोच शब्द एका यंत्रापाशी नेऊ या. जुने डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि रेकॉर्डी ऐकायच्या, हा छंद आता आमच्या मीरा-भाईंदरपर्यंत पोचला आहे. आम्हीही त्यातलेच, तेव्हा ही टीका स्वतःवरही आहे.

पूर्वी मोटर बाजूला असे आणि रबरी पट्टा किंवा रबरी चाक थाळी फिरवी. रबर सैल पडले, झिजले, की सूर डगमगे. मात्सुशिता कंपनीने १९७० साली टेक्निक्स या नावाने एसपी-१० आणले आणि थाळी थेट मोटरवरच बसवली. १९७२ साली एसएल-१२०० आले. १९७९च्या सुधारित आवृत्तीत वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाचा पहारा बसला. इतिहास इतका पुरे.

आम्ही ग्रँट रोडला उतरून चोरबाजारातून एक जपानी यंत्र आणले, ७८चा वेग असलेले. विकणारा म्हणाला, “ओरिजिनल आहे, लावा आणि ऐका.” लावले. यंत्र जपानच्या १०० व्होल्टचे, आपल्या घरात २३०. व्हायचे तेच झाले, ट्रान्सफॉर्मर जळाला. अर्धा दोष त्याचा, मागची पट्टी न वाचणाऱ्या आमचा अर्धा. मग भाईंदरच्या एका कारागिराने ट्रान्सफॉर्मर बदलला, सुकलेले कंडेन्सर बदलले, दांड्याला तेल दिले. यावर जाणकार मित्र म्हणाले, “आता ते ओरिजिनल राहिलं नाही.”

‘मिलिंदपन्ह’मधला नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? एकही सुटा भाग म्हणजे रथ नव्हे. मग एक कंडेन्सर बदलला म्हणून यंत्र कसे बदलेल? तो वाद आम्ही तिथेच सोडतो. आमची खरी तक्रार पुढे आहे.

दुरुस्ती झाली की हा छंदिष्ट पहिल्यांदा काय बघतो? थाळीच्या कडेचे ठिपके दिव्याखाली स्थिर दिसतात की नाही. दिसले, की समाधान. पण स्थिर वेग म्हणजे खरा वेग नव्हे! गौहरजानचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२चे. त्या जमान्यातल्या सगळ्याच तबकड्या काही नेमक्या ७८ फेऱ्यांवर कोरलेल्या नाहीत. कुठे वेग सत्तरच्या घरात, कुठे ऐंशीच्या पुढे. समजा, ७४वर कोरलेली तबकडी आपण ७८वर लावली. वेग पाच टक्क्यांहून जास्त वाढला. सहा टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पांढरी एकमध्ये गाणारा जवळजवळ काळी एकमध्ये जातो. लयही तेवढीच वाढते. आपण बुवांच्या चपळ तानेला दाद देतो, ती कदाचित मोटरची असते! त्या आवाजावरून समीक्षा लिहिली जाते, शिष्य गळा घडवतात. म्हणून हा नुसता छंदाचा प्रश्न राहत नाही.

मग घ्यायचे काय? ७८चा वेग हवा, तो कमी-जास्त करायची सोय हवी, आणि ७८च्या तबकडीसाठी वेगळी, जाड टोकाची सुई हवी. तिची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. मग एकच तबकडी दोन-तीन वेगांवर ऐका. साथीला पेटी असेल तर षड्ज कुठल्या पट्टीवर बसतो ते पाहा. अर्थात ती पेटी आजच्याच सुरात लावलेली होती, असे आपण गृहीत धरू शकत नाही. म्हणून निवडलेला वेग वहीत लिहा, का निवडला तेही लिहा. उद्या दुसऱ्याला तो चूक ठरवता आला पाहिजे.

क्वार्ट्झ आपले काम चोख करतो. त्याला कुठला वेग राखायला सांगायचे, ते मात्र आपल्या कानाने ठरवायचे आहे, आणि तो कान चुकू शकतो हे मान्य करून. पुढच्या वेळी याच धाग्यावर ‘पाठभेद’ घेऊ. आता प्रश्न विचारा.