सुरक्षित आहे, हे कोणी ठरवायचे?

अणुऊर्जेवरील व्याख्यान संपले की एक प्रश्न हमखास येतो : ‘हे सुरक्षित आहे का?’ यावर आम्ही शास्त्रज्ञ मंडळी लगेच आकडे मांडू लागतो. कित्येक वर्षे आम्हीही तेच करीत आलो. मग एका शिक्षक शिबिरात एका बाईंनी आम्हाला मध्येच थांबवून विचारले, ‘‘सर, आकडे कळले. पण एवढे पुरेसे आहे, हे कोणी ठरवले?’’ त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नामुळे आम्ही केमेनी आयोगाचा अहवाल पुन्हा वाचायला घेतला. अमेरिकेतील थ्री माईल आयलंड येथील अणुभट्टीच्या अपघाताची चौकशी करणारा हा अहवाल ऑक्टोबर १९७९ मध्ये सादर झाला. अणुसुरक्षेवरील लेखनात त्याला मानाचे स्थान आहे आणि ते रास्तच आहे. तरीही बाईंच्या प्रश्नाच्या कसोटीला तो कितपत उतरतो, हे येथे तपासायचे आहे.

घटना थोडक्यात

पेनसिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्ग शहराजवळ, सस्क्वेहॅना नदीतील बेटावर दोन अणुभट्ट्या होत्या. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चार वाजता दुसऱ्या भट्टीच्या वाफजनकांना पाणी पुरविणारे पंप बंद पडले. भट्टी आपोआप थांबली. मात्र थांबलेल्या भट्टीतही किरणोत्सारी विघटनामुळे उष्णता निर्माण होतच राहते. सुरुवातीला ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. म्हणून गाभ्याभोवती पाणी खेळते राहावे लागते.

दाब वाढल्यामुळे एक झडप उघडली, ते योग्यच झाले. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती. ती मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र ती मिटल्याचे सुचवीत होता, कारण झडपेची प्रत्यक्ष स्थिती तो दाखवतच नव्हता. ‘मीट’ असा आदेश झडपेकडे गेला, एवढेच त्यावरून कळत होते. शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या. प्रेशरायझरमधील पातळी चढलेली पाहून भट्टीत पाणी जास्त झाले, असा चालकांचा समज झाला आणि त्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला. त्याच नळीवरची दुसरी झडप बंद होईपर्यंत दोन तास वीस मिनिटे गेली होती. गाभा उघडा पडला आणि वितळू लागला.

अहवालाचे श्रेय

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या बारा जणांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. ते गणिती, आणि ‘बेसिक’ या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. सदस्यांमध्ये अपघातस्थळाजवळच्या मिडलटाऊन गावातील एक गृहिणीही होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यंत्रातील बिघड मूळचा किरकोळ होता, त्याला मोठे रूप दिले ते माणसांनी आणि संस्थांनी, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. पण दोष केवळ चालकांवर ढकलून तो मोकळा झाला नाही. ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी या त्याच बनावटीच्या भट्टीत सप्टेंबर १९७७ मध्ये तशीच झडप अडकली होती. ती भट्टी जेमतेम नऊ टक्के शक्तीवर चालली होती आणि चूक सुमारे वीस मिनिटांत ध्यानात आली, म्हणून निभावले. अशा वेळी पाणी तोडू नका, अशी स्पष्ट सूचना चालकांना द्यावी, असे भट्टी बनविणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने लिहून कळविलेही होते. ती सूचना थ्री माईल आयलंडच्या चालकांपर्यंत पोचली नाही. म्हणजे ज्ञान होते, पण ते जेथे हवे तेथे नव्हते. भट्ट्या पुरेशा सुरक्षित आहेत, हा समज इतका पक्का झाला होता की, त्याला धक्का देणारी माहिती कोणाला महत्त्वाची वाटेना. हे निदान आजही तितकेच खरे आहे.

अहवालाचे अपुरेपण

आता उपाय पाहू. न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, ज्याला आपण पुढे नियामक मंडळ म्हणू, त्याच्या पाच सदस्यांच्या जागी एकच प्रशासक असावा. त्याच्यावर लक्ष ठेवायला बाहेरच्या व्यक्तींची समिती असावी. चालकांचे प्रशिक्षण सुधारावे. लोकांना माहिती वेळेवर मिळावी. सगळे उपाय योग्य दिशेचे आहेत. पण भट्टीच्या आसपास राहणारी माणसे यांत कोठे आहेत? ती आहेत दोनच रूपांत : ज्यांना माहिती द्यायची ते श्रोते, आणि ज्यांना मानसिक ताण झाला ते रुग्ण. बाहेर पडलेल्या किरणोत्साराची मात्रा अल्प होती आणि आरोग्यावरचा मुख्य परिणाम मानसिक ताणाचा होता, हा अहवालाचा निष्कर्ष. तो आम्हालाही मान्य आहे. पण त्या ताणावर उपाय म्हणून अहवाल माहितीपाशी थांबतो.

शिक्षकांना हा फरक चटकन कळेल. निकाल घरी कळविणे वेगळे, आणि उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मागण्याची सोय असणे वेगळे. पहिल्यात पालक ऐकून घेतो, दुसऱ्यात शाळेला उत्तर द्यावे लागते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सामान्य माणसाला यातले काय कळते? त्याचे उत्तर अपघाताच्याच आठवड्यात आहे. भट्टीच्या पात्रात हायड्रोजनचा मोठा बुडबुडा साठला होता. त्यात ऑक्सिजन मिसळून स्फोट होईल, अशी भीती नियामक मंडळाच्याच तज्ज्ञांना वाटली. पण किरणांमुळे पाण्याचे विघटन झाले तरी, भोवती हायड्रोजन विपुल असल्यास सुटणारा ऑक्सिजन पुन्हा त्याच्याशी संयोग पावून पाणीच बनते. ऑक्सिजन साठणार नव्हता, म्हणून स्फोटही होणार नव्हता. ही चूक दुसऱ्या तज्ज्ञांनी प्रश्न विचारल्यामुळे उमगली. दरम्यान, ३० मार्चला गव्हर्नरांनी पाच मैलांतील गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना बाहेर जाण्याचा सल्ला दिला होता आणि सुमारे १,४४,००० माणसे घर सोडून गेली होती.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जुलै १९८२ मध्ये भट्टीच्या पात्रात कॅमेरा सोडला, तेव्हा गाभ्याच्या वरच्या भागात मोठी पोकळी दिसली. पुढे कळले की, सुमारे निम्मा गाभा वितळला होता. १९७९ च्या अहवालाला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. हा आयोगाचा दोष नव्हे. पण ज्ञान असे तुकड्यातुकड्यांनी हाती येत असेल, तर एकदा चौकशी करून विसर्जित होणारा आयोग पुरणार नाही. निर्णय पुन्हा पुन्हा तपासणारी आणि स्थानिक लोकांना खुली असणारी कायम व्यवस्था हवी. अहवालाने सुचविलेल्या देखरेख समितीत स्थानिक लोकांना अशी जागा नव्हती.

क्रिप्टॉनचा प्रश्न

ही उणीव लगेच उघडी पडली. भट्टीच्या इमारतीत क्रिप्टॉन-८५ हा किरणोत्सारी वायू कोंडला होता. तो बाहेर काढल्याशिवाय माणसांना आत जाऊन काम करणे कठीण होते. हवेत हळूहळू सोडावा, असे ठरत आले. विज्ञानाच्या दृष्टीने प्रस्ताव वाजवी होता : क्रिप्टॉन निष्क्रिय वायू आहे, शरीराच्या रासायनिक क्रियांत तो भाग घेत नाही, आणि हवेत चटकन विरळ होतो. तरीही मार्च १९८० मध्ये मिडलटाऊनच्या सभेत लोक संतापले. वर्षभरापूर्वी ज्यांनी ‘सर्व ठीक आहे’ म्हटले होते, तेच आता ‘हे निर्धोक आहे’ म्हणत होते.

येथे गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी शहाणपणाची गोष्ट केली. अणुउद्योगावर सतत टीका करणाऱ्या ‘युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स’ या संस्थेलाच त्यांनी हा प्रस्ताव तपासायला सांगितले. किरणांमुळे थेट आजार होण्याची शक्यता दिसत नाही, असे या टीकाकारांनी प्रामाणिकपणे सांगितले. ताण कमी व्हावा म्हणून मात्र पर्यायही सुचविले. शिवाय पाच मैलांच्या परिसरातील बारा वस्त्यांमधून सुमारे पन्नास नागरिकांना पेन स्टेट विद्यापीठाच्या मदतीने मापनयंत्रे वापरायला शिकविण्यात आले. त्यांत शिक्षक होते, गृहिणी होत्या, पोलीस आणि निवृत्त माणसेही होती. २८ जून ते ११ जुलै १९८० या काळात सुमारे ४३,००० क्युरी क्रिप्टॉन बाहेर सोडला गेला आणि २३ जुलैला दोन अभियंते प्रथमच इमारतीत शिरले.

आकडे मार्चमध्ये जे होते, तेच जूनमध्येही होते. फरक पडला तो ते तपासणारांत.

कायदा मात्र या वाटेने गेला नाही. बेटावरील पहिली भट्टी अपघातात सापडली नव्हती, पण तीही बंद ठेवलेली होती. ती सुरू करावी का, यावर १९८२ मध्ये आसपासच्या तीन काउंटींत बंधनकारक नसलेले मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने नकार आला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अपघाताच्या शक्यतेच्या भीतीने होणारा मानसिक त्रास पर्यावरण कायद्याखाली विचारात घेण्याचे बंधन नियामक मंडळावर नाही. १९८५ मध्ये ती भट्टी सुरू झाली. ज्या परिणामाला केमेनी अहवालाने सर्वांत मुख्य मानले, त्याला कायद्यात असे दार बंद झाले.

दुसरी वाट

तरी एक प्रयोग झाला. नदीच्या खालच्या अंगाला असलेले लँकेस्टर शहर सस्क्वेहॅनाचे पाणी पिते. दूषित पाणी नदीत सोडू नये म्हणून शहराने दावा लावला आणि १९८० मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी नियामक मंडळाने दुसऱ्या भट्टीच्या साफसफाईसाठी बारा जणांचे सल्लागार मंडळ नेमले. त्यात नागरिक, स्थानिक लोकप्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ होते. पुढे अनेक वर्षे लँकेस्टरचे महापौर आर्थर मॉरिस अध्यक्ष होते. १९९३ पर्यंत या मंडळाच्या ७८ जाहीर सभा झाल्या. कंपनीचे आणि नियामकांचे अधिकारी तेथे येऊन उत्तरे देत. ट्रिटियम असलेले सुमारे ८७ लाख लिटर पाणी नदीत न सोडता १९९१ ते १९९३ या काळात त्याचे बाष्पीभवन करण्यात आले.

या प्रयोगाचेही गोडवे गाऊ नयेत. मंडळाला अधिकार फक्त सल्ल्याचा होता, आणि कामही एकाच भट्टीपुरते. बाष्पीभवनाने ट्रिटियम नाहीसा होत नाही. तो नदीऐवजी हवेत जातो. चर्चेला वेळ लागतो आणि त्या वेळाचीही किंमत असते. लोकांचे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या नेहमी बरोबर असते, असा आमचा दावा नाही. दावा एवढाच की, ज्याच्या अंगणात धोका आहे, त्याने विचारलेल्या प्रश्नाला नोंदवलेले उत्तर मिळालेच पाहिजे.

फुकुशिमात हाच प्रश्न पुन्हा आला. २०११ च्या अपघातानंतर जपानी संसदेने नेमलेल्या आयोगाने २०१२ मध्ये तो मानवनिर्मित ठरविला. अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयाच्याच छत्राखाली नियामक होता. त्याच वर्षी तो वेगळा काढण्यात आला. मात्र संबंधितांची समजूत पटल्याशिवाय शुद्ध केलेले पाणी सोडणार नाही, असे मच्छीमारांना २०१५ मध्ये दिलेले वचन असताना, त्यांचा विरोध कायम असूनही ऑगस्ट २०२३ मध्ये ते समुद्रात सोडायला सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने परिणाम नगण्य असल्याचा निर्वाळा दिला होता. मच्छीमारांची तक्रार केवळ मात्रेची नव्हती. दिलेल्या शब्दाचीही होती.

थ्री माईल आयलंडची पहिली भट्टी २०१९ मध्ये बंद झाली आणि ती पुन्हा सुरू करण्याची योजना सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. म्हणजे त्याच बेटावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. आपल्याकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होऊ लागली. प्रश्न आपल्यालाही परका नाही.

केमेनी अहवाल वर्गात अवश्य वापरावा. झडप आणि दिव्याची गोष्ट मुलांना फार आवडते. पण तेथे थांबू नये. कोणत्याही सुरक्षिततेच्या दाव्याला चार प्रश्न विचारायला मुलांना शिकवावे : काय मोजले? कोणी मोजले? हरकत कोणाला घेता येते? आणि हरकतीला उत्तर देणे कोणावर बंधनकारक आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अहवालात उत्तम मिळतात. शिबिरातील बाईंचा प्रश्न उरलेल्या दोहोंबद्दल होता, आणि तेथे अहवाल अपुरा पडतो.