छिन्न म्हणजे तुटलेलं ना? : ‘देवराई’ पुन्हा पाहताना

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले, पण श्रेयनामावलीतल्या एका ओळीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. चित्रपटाच्या निर्मितीत पुण्याच्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’बरोबर धुळ्याचा के. एस. वाणी मेमोरियल ट्रस्टही होता. या दोन्हींमागचे नाव जगन्नाथ वाणी. धुळ्याहून कॅनडात जाऊन ते कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक झाले. पत्नीच्या आजारपणाने त्यांना या प्रश्नाकडे वळवले. म्हणजे मराठीतल्या या महत्त्वाच्या चित्रपटाची एक मुळी खानदेशात आहे. मी पिंप्राळ्यात राहतो. त्यामुळे ‘देवराई’कडे मला थोडे घरच्या नजरेने पाहावे लागते, आणि घरच्या माणसाला जसे खडसावून विचारावे तसे विचारावेही लागते.

आधी घरचेच सांगतो. माझ्या मामाला विशीत आवाज ऐकू येऊ लागले. घरात म्हणत, ‘बाहेरचं झालंय.’ दोन वर्षे भगताकडे फेऱ्या झाल्या. पुढे एका डॉक्टरांनी औषधे सुरू केली आणि मामा बराच सावरला. मी तेव्हा कॉलेजात होतो. शब्दकोश उघडून मी आजीला मोठ्या तोऱ्यात आजाराचे मराठी नाव सांगितले : छिन्नमनस्कता. आजी म्हणाली, ‘छिन्न म्हणजे तुटलेलं ना? तुटलेलं कधी गोळ्यांनी सांधतं का?’ आणि तिने हळूहळू गोळ्या देणे सोडले. मामा पुन्हा आजारी पडला. तो शब्द घरात आणणारा मीच.

यात आजीचे चुकले असे मला आता वाटत नाही. तिने शब्दाचा अर्थ बरोबर लावला होता. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ग्रीकमधून ‘फाटलेले मन’ अशा अर्थाची संज्ञा घडवली आणि आपल्या परिभाषाकारांनी ती संस्कृतात उतरवली. भाषांतर निर्दोष झाले, पण ते ऐकणाऱ्या घराचा विचार त्यात नव्हता. उलट ‘बाहेरचं’ या शब्दात, त्याच्या सगळ्या अंधारासकट, एक दिलासा होता : बाहेरून आलेले बाहेर जाऊ शकते. आम्ही अंधश्रद्धेचा शब्द काढून घेतला आणि त्या जागी निराशेचा शब्द ठेवला.

हीच अडचण जपानला आली होती. तिथेही आजाराचे नाव ‘मन दुभंगण्याचा रोग’ असेच होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ साली ते बदलण्याची मागणी केली, आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ‘एकसंधता बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. त्यापूर्वी ज्या रुग्णांना स्वतःचे निदान सांगितले जाई त्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. तीन वर्षांत ते ७० टक्क्यांच्या आसपास गेले. नाव उच्चारण्याजोगे झाले, तेव्हा डॉक्टरांचीही जीभ सुटली. पुढे सुमारे दहा वर्षांनी दक्षिण कोरियाने तंतुवाद्याच्या तारा जुळवण्याची प्रतिमा घेऊन नवे नाव केले. तार उतरली तर वाद्य मोडीत काढत नाहीत, ते पुन्हा लावतात. तंबोरा जुळवणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको.

‘देवराई’ या दृष्टीने पाहिला तर त्याचे मोठेपण वेगळ्याच ठिकाणी दिसते. चित्रपट आजाराची माहिती देतो, औषधाची बाजू ठामपणे घेतो. ते त्याचे घोषित काम. पण शेषचे मन तो तडा गेलेल्या भांड्यासारखे दाखवत नाही. तो ते राईसारखे दाखवतो : दाट, गुंतलेले, जिथे वाट चुकते पण काही तुटलेले नसते. देवराईत फांदी तोडायची नाही, पडलेले लाकूडही उचलायचे नाही, हा संकेत माणसाच्या मनालाही लावावा, असे चित्रपट न बोलता सुचवतो. जपानमध्ये जे एका संस्थेने केले, ते मराठीत या प्रतिमेने केले. दुर्दैव इतकेच, की प्रतिमा पडद्यावर राहिली आणि कागदावर ‘छिन्न’च राहिले.

माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. शेषला सांभाळते ती बहीण, सीना. तिच्या संसारावर पडणारा ताण भावे-सुकथनकर लपवत नाहीत, तरी आपुलकी अखेर पुरी पडेल हा विश्वास चित्रपटभर आहे. हा विश्वास एकट्या चित्रपटाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत १२०२ रुग्णांचा अभ्यास सुरू केला. भारतातले केंद्र आग्रा होते. दोन वर्षांनंतर आग्रा, नायजेरियातले इबादान आणि कोलंबियातले काली इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे आढळले. तेव्हापासून ‘आपली कुटुंबव्यवस्थाच औषध’ हे वाक्य आपण मिरवत आलो. पुढे संशोधकांनीच या निष्कर्षाच्या सरसकटपणावर प्रश्न उभे केले. आणि ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. त्यांनाही कुटुंबे होती. त्यांना तिथे आणून सोडणारी माणसे निर्दय असतीलच असे नाही; बहुतेक थकलेली असतील.

तो थकवा ‘देवराई’त पुरेसा येत नाही. आमच्याकडे केळीचा घड उतरला की खोड कापतात आणि पिलावर पुढची बाग धरतात. शेतीचा तो हिशोब रास्तच आहे, पण हातावर पोट असलेल्या घरात आजारी माणसाकडेही नकळत त्याच हिशोबाने पाहिले जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज बुडवून तालुक्याला औषधासाठी कोण जाणार, हा प्रश्न सीनाला पडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आणि उपचार हा हक्क ठरवला. हक्क आहे, तर तो बहिणीच्या मायेवर सोडून चालणार नाही. वाणींनी हे ओळखले होते असे मला वाटते. म्हणून ते चित्रपटापाशी थांबले नाहीत, कुटुंबीयांना आधार देणारी संस्था त्यांनी आधीच उभी केली होती.

मामा आता साठीला आला आहे. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा तो मागून चालतो. गोळ्यांची वेळ झाली की घरी येतो. परवा शेजारच्या मुलाने त्याला विचारले, ‘तुम्हाला काय होतं?’ मामा म्हणाला, ‘तार उतरते कधीकधी. लावून घेतो.’ हे मीच कधीतरी त्याला सांगितले होते. आजीला सांगायला हवे होते.